एक छप्पर, दोन चुली

"छप्पर एक, म्हणजे घर एक," सुप्याच्या कचेरीतला कारकून रुक्माला म्हणाला.

सरकारचा हुकूम होता, घरटी एक कुमरी. जंगलाचा तुकडा तोडून, जाळून नाचणी पेरायची, ती कुमरी. रुक्मा विधवा. दीर नागू आणि त्याच्या दोन जाणत्या पोरांबरोबर एकाच छपराखाली राहायची, पण रांधायची वेगळं. छपरावर मोजलं तर तुकडा एकट्या नागूचा, आणि तिनं जन्मभर त्याच्या दारात राबायचं.

पण तिच्या बाजूनं भांडला तो नागूच. महालकरीसाहेबांपुढे हात जोडून म्हणाला, "सायेब, छप्पर पावसासाठी असतंय. आमच्यात चूल पेटली की घर झालं. वैनीची चूल येगळी, तिचं घर येगळं."

साहेबांना ते पटलं. "बरं. पेटती चूल, ते घर. मी तुमच्या नंदिगड्ड्याला येऊन स्वतः पाहीन. दिवस कारकून नागूला सांगेल."

रुक्माला वाटलं, असा दीर दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

"सायेब कवा येनार?" परतताना तिनं विचारलं.

"आमुशा झाल्यावर. तवर नवं करून घेऊ, वैनी."

नवं म्हणजे नव्या भाताचा पहिला घास. त्या दिवशी भाऊबंदांनी आपापला विस्तव कर्त्याच्या घरी द्यायचा, चुली थंड ठेवायच्या आणि एकाच चुलीवरचं सगळ्यांनी खायचं. दिवस कर्ता, म्हणजे नागू, ठरवी. नागूनं अमावास्येआधीचा गुरुवार धरला.

बुधवारी त्याची पोरं मागच्या पडवीत माती मळत होती. "नव्याला मोठी चूल घालतूय, काकी," त्यातला धाकलू म्हणाला.

गुरुवारी सकाळी जाऊ गिरजा खापरी घेऊन आली. "आक्का, विस्तव."

"समदा ने," रुक्मा म्हणाली. तिनं निखारे भरून दिले, चूल सारवली आणि पत्रावळींना पानं आणायला रानात गेली.

परतली तेव्हा अंगणात घोडा बांधलेला होता. साहेब तिच्या सारवलेल्या चुलीपाशी उभे होते.

"सायेब, आज नवं हाय," ती घाईनं म्हणाली. "आज आमच्यात एकच चूल पेटती. नागूला इचारा."

साहेबांनी नागूकडे पाहिलं. नागू अंगठ्यानं माती उकरत होता.

"नवं अजून लांब हाय, सायेब. वैनी रोज आमच्यातच जेवत्यात."

तेवढ्यात मागच्या पडवीतून कारकून धुरानं झोंबलेले डोळे पुसत आला.

"तिन्ही पेटत्या आहेत, साहेब. एक नागूची, दोन त्याच्या पोरांच्या."