शालनचा डावा हात

मळणीयंत्रात डावा हात गेल्यापासून शालन दोन वर्षं कुणाच्या लग्नकार्याला गेली नव्हती. पण धाकट्या बहिणीचं लग्न कसं चुकवणार? तयार मिळणारा हात तिने पाहिला होता. तो कापडदुकानातल्या पुतळ्याचा वाटायचा. म्हणून तिने मिरजेत युसुफचाचांना गाठलं. हुबेहूब हात घडवणारे त्या भागात आता ते एकटेच उरले होते.

"चाचा, कुणाला कळता कामा नये," ती म्हणाली.

चाचांनी तिचा उजवा हात न्याहाळत आठवडाभर रबरी हातावर रंग चढवला. निळ्या शिरा काढल्या, मनगटावर बारीक लव बसवली, वर तव्याचा एक चटकाही उमटवला.

"हा कशाला?"

"रोज भाकऱ्या थापणारीचा हात इतका कोरा कसा असेल, बेटी?"

लग्नघरी कासारीण बांगड्या भरायला बसली. शालनने घाईने उजवा हात पुढे केला, पण गप्पांच्या नादात कासारणीने डावाच ओढला आणि दाबू लागली.

"अगं, सैल सोड की! एवढी ताठरलीस कशाला?"

शालनने पदर ओढून हाताचा पट्टा झाकला. कासारणीने आणखी जोर लावला. "भारी हट्टी हात गं बाई तुझा!"

आता मात्र शालनला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी ती अशी खदखदून हसत होती. तिने पदराआडून पट्टा सोडला आणि हात अलगद कासारणीच्या मांडीवर ठेवला.

"घ्या मावशी, सावकाश भरा. तोवर मी जेवून येते."