रिकाम्या बाजूची वाढ

प्लेटवर वाढ होती. सायलीने ती प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली आणि तिच्या तोंडून नुसतंच "अगंबाई" निघालं. कांद्याचं जनुक घातलेले जिवाणू चांगले तरारून आले होते. पण त्याच प्लेटच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, जिथे काही म्हणजे काही उगवायला नको होतं, तिथे बिनजनुकाचेही तितकेच भरघोस आले होते.

ती स्टुलावर बसली. खाली गंगापूर रोडवर कॉलेजची पोरं गाड्या लावत होती. हसावं की रडावं हेसुद्धा तिला सुचेना.

काम साधं होतं, निदान सांगायला तरी. कांदा जमिनीतलं गंधक ओढतो, स्वतः तयार केलेल्या कच्च्या मालाला जोडतो आणि सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल बनवतो. त्याचा उग्रपणा पुढे त्यातूनच येतो. ही जोडणी करतो एक एन्झाइम. सायलीकडच्या जिवाणूंना तेवढंच येत नव्हतं. सिस्टीन वरून दिलं तर जगायचे, नाहीतर उपाशी मरायचे. त्यांच्यात कांद्याचं जनुक घालायचं आणि त्यांना बिनसिस्टीनच्या प्लेटवर सोडायचं. जगले, की हेच त्या एन्झाइमचं जनुक, असं सिद्ध झालं. तिच्या गाइड अनसूया मॅडमनी याच जनुकाबद्दल आपल्या पीएच.डी.त हे दाखवलं होतं. सायलीने तेवढं पुन्हा करून पुढे जायचं होतं. त्या पहिल्या पायरीवरच सहा वर्षं गेली. जिवाणू आपले मरत राहिले.

दोष सगळ्यांनी तिच्या हातांना दिला, आणि त्यात ती स्वतः पहिली. "एकेकाच्या हाताला यशच नसतं," असं ती नवऱ्याला सांगायची. सासूबाईंचा सगळा जन्म शेतात गेलेला. त्या म्हणायच्या, "आमचा कांदा चार महिन्यात निघतो बाई, तुझा अजून पातीतच हाय." टोमणा नव्हता तो, म्हातारीला खरंच काळजी वाटायची. आता पीएच.डी.ची मुदतवाढही शेवटची होती. या खेपेला नाही जमलं तर गाशा गुंडाळायचा आणि देवळाली कॅम्पातल्या एखाद्या शाळेत विज्ञान शिकवायचं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

सोमवारी मॅडमनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "आरशात पाहिलंस का स्वतःला? घरी जा आधी. प्लेटा मी ओतून ठेवते."

सख्ख्या आईने तरी आणखी काय केलं असतं? मॅडमनी रीतीप्रमाणे दोन चळती ओतून ठेवल्या. काळ्या खुणेची जनुक घातलेल्या जिवाणूंसाठी, लाल खुणेची बिनजनुकाच्या, म्हणजे रिकाम्या जिवाणूंसाठी. दोन्हीत खाद्य एकच असायला हवं, सिस्टीन सोडून बाकी सगळं. मंगळवारी सायलीने जिवाणू लावले. पण दमलेल्या माणसाचा स्वतःवर भरवसा कुठला? झोपेच्या भरात अदलाबदल करून बसू, या धास्तीने तिने दोन्ही चळतींतल्या प्रत्येक प्लेटवर मधोमध रेघ मारली आणि जनुकवाले व रिकामे शेजारीशेजारी लावले. त्या प्रयोगशाळेत असं आजवर कुणी केलं नव्हतं.

आता तिने उरलेल्या प्लेटा काढल्या. काळ्या खुणेच्या प्लेटांवर दोन्ही जिवाणू माजले होते. लाल खुणेच्या प्लेटांवर दोन्ही मेले होते. जिवाणू तेच, लावणारे हात तेच. म्हणजे फरक खाद्यात होता. काळ्या चळतीत कुणीतरी सिस्टीन घातलं होतं, आणि प्लेटा मॅडमशिवाय दुसऱ्या कुणी ओतल्याच नव्हत्या.

मॅडम आल्या. पर्स ठेवता ठेवताच म्हणाल्या, "काय गं, उगवलं का काही?"

सायलीने एक काळी, एक लाल अशा दोन प्लेटा त्यांच्यासमोर ठेवल्या. काळी बघून मॅडम हसू लागल्या होत्या. मग त्यांना मधली रेघ दिसली.

"एकाच प्लेटवर दोन्ही? असं का लावलंस?"

"दमले होते मॅडम. घोळ होईल म्हणून."

मॅडम खुर्चीत बसल्या. एकाएकी किती म्हाताऱ्या दिसल्या! सायलीला संताप आला, पण डोळेच भरून आले. कुणाच्या तरी दयेवर डॉक्टर व्हायचं, इतके का आपण टाकाऊ?

"मला जमणार नाही अशी खात्रीच पटली ना तुमची?" ती म्हणाली. "मग तसं सरळ सांगायचं होतं. तुम्हाला जे जमलं ते मला सहा वर्षांत जमलं नाही. माझ्या हातांतच काही नाही."

मॅडमनी चष्मा काढला. पदराने पुसला.

"तुझे हात चांगले आहेत गं. त्या जनुकाने कधी कुणाला जगवलंच नाही. माझ्या प्लेटांत माझ्या गाइड सरांनी सिस्टीन घातलं होतं, आणि मला ते कळलं तोवर पेढे वाटून झाले होते."