औषध घेतलं

समुद्राच्या तळाशी इंटरनेटच्या केबल टाकणाऱ्या जहाजावर बादल कामाला होता. गावाकडची अक्षरं उजेड होऊन, केसाएवढ्या काचेच्या तारेतून, पापणी लवायच्या आत समुद्रापार कशी जातात, हे त्याला पाठ होतं. दुपारी उमरखेडजवळच्या तांड्यावरून बहिणीचा, बबिताचा मेसेज आला: 'बापूनं औषध घेतलं.'

वडिलांचा कापूस यंदाही हातचा गेला होता. आणि तांड्यावर खोकल्याचंही औषधच, कापसावर फवारायचंही औषधच. त्यानं फोन लावला. लागेना. लावत राहिला. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेल्या त्या मेसेजमागून पुढचं एक अक्षर येईना.

संध्याकाळी फोन लागला तो बापूंनीच उचलला.

"खोकला थांबला रे. लाईन गेलती, टॉवर बंद होता. पण तू रडून काहून राह्यला?"

बादलनं बबिताचा मेसेज वाचून दाखवला. बापू हळूच म्हणाले,

"थे फवाऱ्याचं औषध ना? तुया मायनं लपवून ठेवलं हाये. किती खेपा इचारलं मी, सांगतच नाई."