येतो म्हण

“जातो, आई,” म्हणत बोलक्या चित्रकथेचा नायक वादळ्या घराच्या खिडकीतून उडाला, तसं भागाक्काने पानावर बोट दाबून त्याला हवेतच अडवलं. त्याच्याच तोंडचे शब्द जुळवत ती साठीनंतर वाचायला शिकली होती, आणि तिला पहिल्यांदा वाचता आलेला शब्द होता ‘येतो’.

“घरातून निघताना जातो म्हणतात होय रे?”

“या महिन्यापासून माझ्यात नवा लेखक बसवलाय, आजी.”

“आजी? गेल्या अंकापर्यंत अक्का होते मी. लेखक बदलला की आईचा निरोप घ्यायची रीतही बदलते?”

“जुनं सगळं पुसलंय. सोडा मला, खाली शहर जळतंय.”

“जळू दे. आधी येतो म्हण.”

“तो शब्द माझ्यात नाही.”

भागाक्काने बोट उचललं नाही.

“मग थांब,” ती म्हणाली. “य ला मात्रा, ये.”