आठ दिवस विनातक्रार

“परत तेच झालं रे,” ताईने पॅसेजमधून हाक मारली आणि धाकट्याच्या हातातला घास हातातच राहिला.

पाचवा दिवस होता. अट आठ दिवसांची. धाकट्याने सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने जोडलेला ताईचा संगणक आठ दिवस विनातक्रार चालला, तर रस्त्याकडची समोरची खोली त्याला दुकानासाठी मिळणार होती. नाही चालला, तर दुकानाचं नाव पुन्हा काढायचं नाही. बाबांनी तसं सगळ्यांसमोर बजावलं होतं. बाबा बस डेपोत टाइमकीपर होते. नोकरी सुटली तरी हातातलं घड्याळ सुटलं नव्हतं.

धाकटा उष्ट्या हाताने पॅसेजमध्ये आला. ताई लोकांच्या घरांची आतली सजावट संगणकावर करून द्यायची. भांड्यांच्या कपाटाला खेटून तिचं टेबल. येणाराजाणारा तिच्या कोपराला धक्का देऊनच पुढे जायचा. दोन वर्षांपूर्वी तिने एकदा समोरच्या खोलीचा विषय काढला होता. चित्रं काढायला खोली कशाला लागते, असं बाबा म्हणाले आणि विषय तिथेच संपला.

स्क्रीनवर कुणाच्या तरी स्वयंपाकघराचं, चहूबाजूंनी फिरवून बघायचं चित्र होतं. सकाळी ते भिंगरीसारखं फिरत होतं. आता धापा टाकत वळत होतं.

“जेवायला उठताना स्लीपला टाकला होता,” ताई म्हणाली. “उठवला तर हे असं.”

बाबा मागे येऊन उभे राहिलेच होते. सकाळी पूर्ण फेरा चार सेकंदांत, आता अकरा. अकरा हा आकडा त्यांनी दोनदा उच्चारला, शेजाऱ्यांनाही कळावा इतक्या मोठ्याने. आठव्या दिवसापर्यंत दुरुस्त झाला तर झाला, असंही वर बजावलं.

धाकट्याने संगणक बंद करून चालू केला. चार सेकंद. स्लीपला टाकून उठवला. अकरा. आता याला काय म्हणावं? स्क्रीनवरची चित्रं फिरवणारं हे ग्राफिक्स कार्ड आहे की घरजावई, झोपेतून उठवलं की लगेच तोंड वाकडं करायला? त्याच्या डोक्यात नुसती तिडीक गेली.

आणि का जाऊ नये? पोराने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काढून जुना घातला, जुना काढून नवा घातला. कार्ड उपसून त्याची टोकं खोडरबराने पुसली. मित्राकडून मोठा पॉवर सप्लाय उसना आणला. शेवटी कार्डच पिशवीत घालून विकणाऱ्याकडे नेलं. त्या भल्या माणसाने आपल्या संगणकात लावून दहा वेळा झोपवलं, दहा वेळा उठवलं. कार्ड एकदाही अडखळलं नाही. खोट कार्डात नाही, जोडणाऱ्यात आहे, असं तो गिऱ्हाइकांदेखत म्हणाला. धाकटा परत आला तेव्हा त्याचे कान लाल होते.

जोडणाऱ्यात खोट? जेवणाच्या टेबलावर त्याने एकेक भाग डोळ्यांत तेल घालून बसवला होता. ताई साक्षीला होती. दोन तास टॉर्च धरून उभी होती ती, मधूनमधून हे काय, ते कशाला, असं विचारत. तू नुसती टॉर्च धर, असं त्याने तिला चार वेळा सांगितलं असेल.

एकच उपाय उरला होता, सगळं पुसून नव्याने भरायचं. त्याला मात्र ताईने साफ नकार दिला. तिचं दोन महिन्यांचं काम त्यात होतं.

“बाकी काहीही कर,” ती म्हणाली, “पण फॉरमॅट नको.”

बाबा म्हणाले, तिला काय विचारतोस, तिला त्यातलं काय कळतं. पण पुसण्याची हिंमत धाकट्यालाही झाली नाही. कुणाच्या कष्टांवर पाणी फिरवणाऱ्यातला तो नव्हता.

ताईने उलट त्याची बाजूच घेतली. इतकं काय धरून बसता, शिकतोय तो अजून, असं ती बाबांना म्हणाली. झालं, बाबांना तेवढंच पुरलं. शिकतोय म्हणजे लोकांच्या संगणकांवर हात साफ करणार का, असं विचारत ते घरभर फिरले.

आठव्या दिवशी आई, बाबा, धाकटा सगळे पॅसेजमध्ये दाटीवाटीने उभे राहिले. ताईने संगणक उठवला. स्वयंपाकघर वळू लागलं. बाबांनी घड्याळावरून नजर वर केली.

“अकरा.”

“माझी जोडणी चोख आहे,” धाकटा म्हणाला. “काय होतंय ते मला सापडत नाही, पण माझी जोडणी चोख आहे.”

“बहिणीचा एक संगणक धड चालेना आणि म्हणे दुकान,” बाबा म्हणाले. “विषय संपला.”

मग खोलीला काय कुलूप घालायचं का, असं आईने विचारलं. पोरगी दोन वर्षं भांड्यांच्या कपाटाला चिकटून बसलीय, तिचं गिऱ्हाईक माझ्या स्वयंपाकाच्या ओट्याजवळून आत येतं, हे कुणाला दिसतं का? बाबा गुरगुरले, पण नाही म्हणाले नाहीत.

टेबल धाकट्यानेच हलवलं. संगणकही त्यानेच उचलून नेला, वायरी लावल्या, खिडकीतून येणारा उजेड स्क्रीनवर पडू नये म्हणून टेबल जरा तिरकं केलं. त्याचे डोळे सुजले होते.

“नव्या जागेत तरी नीट चालू दे बाई,” तो म्हणाला.

“चालेल रे,” ताई म्हणाली. “किती धावपळ केलीस माझ्यासाठी.”

तो दार ओढून घेऊन गेला. त्याची पावलं जिन्यावर वाजेनाशी झाल्यावर ताईने एक लहानशी फाइल उघडली. तिने लिहिलेल्या चारच ओळी होत्या त्यात: संगणक झोपेतून उठला की ग्राफिक्स कार्डाचा वेग कमी कर. तिने त्या पुसून टाकल्या आणि कामाला लागली.