रॉकेटला गुंडाळलेलं पत्र

इंदुताईंच्या पत्राला श्रीहरी गुरुजींनी अकरा महिने उत्तर दिलं नव्हतं. ते पत्र आता रॉकेटला गुंडाळलेलं होतं, अक्षरं बाहेरच्या बाजूला.

गुरुजी मागच्या नळावर हात धुऊन आले तेव्हा लटारू पेंटर लाल रंगाचा पहिला कोट मारून रंग फवारायची गन पुसत होता. चिमूरच्या रस्त्याला त्याची ट्रक रंगवायची शेड होती. मधोमध स्टुलावर रॉकेट उभं होतं. कापडाच्या ठाणाची पुठ्ठ्याची नळी, सुताराकडून घासून आणलेलं लाकडी टोक, प्लायवुडचे तीन पंख. उद्या ते तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जायचं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी शाळेचं रॉकेट गुरुजींनीच करायचं, हे ठरलेलं. या वर्षी मात्र त्यांच्या हाताने रेघ सरळ येईना, म्हणून ते इथं आले होते.

खालचा भाग लाल, वरचा पांढरा. पांढऱ्यावर लाल उडू नये म्हणून लटारूने कागदी टेप लावून वर कागद गुंडाळले होते. टोकाला वर्तमानपत्र, आणि टेपला लागून निळं आंतरदेशीय पत्र.

"पेपर सरले ना गुरुजी," लटारू म्हणाला. "बाकावरच्या तुमच्या पुस्तकात हा निळा कागद भेटला. जाड हाये, रंग झिरपत नाई."

गुरुजींचा हात पुढे गेला.

"नोका लावू हात! दुसरा कोट बाकी हाये. आता टेप सुटली तं लाल पांढऱ्यात घुसते, मंग रेघ गेली कामातून. अर्धा तास बसा."

बसायला एकच बाक होता आणि त्यावर खुशाल ड्रायव्हर होता. त्याचा ट्रक शेडच्या तोंडाशी आडवा उभा होता, नंबर लिहायचा राहिलेला. गुरुजींनी स्टूल हळूच भिंतीकडे वळवलं. अक्षरं तशीच समोर राहिली. नळीला मागची बाजू नव्हती.

खुशाल उठला. "काय लिवलं हाये बे यावर?"

तो वाचू लागला, आणि ओळ पुढे जाईल तसा रॉकेटभोवती फिरू लागला, देवळाला फेरा घालावा तसा.

"'डोळे आता पुरते गेले. पुस्तकं कपाटात तशीच आहेत. मागची खोली रिकामी आहे. तुम्ही येऊन राहिलात तर रोज थोडं वाचून दाखवाल. लोकांचं मी पाहून घेईन. हो की नाही, तेवढं कळवा. इंदुताई, कुरखेडा.'" खुशाल थांबला. "डोळे गेले अन् लोकाईचं पाहून घेतो म्हन्ते! गुरुजी, हे बाई कोन?"

"शाळेत सोबत होत्या."

"मंग जवाब देल्ला का?" लटारूने विचारलं.

गुरुजी चपलांकडे पाहत राहिले. पुतण्याच्या घरी, सायकल ठेवायच्या पडवीत त्यांची खाट होती. तिथं बसून त्यांनी चार वेळा उत्तर लिहिलं होतं आणि चार वेळा फाडलं होतं. हे पत्र इंदुताईंना शेजारच्या रंजीताने लिहून दिलेलं. उत्तर गेलं तर तेही तीच वाचून दाखवणार. जे इंदुताईंपाशीसुद्धा कधी धड बोलता आलं नाही, ते आधी तिसऱ्याच्याच तोंडून निघणार. इथवर आलं की त्यांचं पेन थांबे.

"म्हंजे नाई देल्ला," खुशाल म्हणाला. "किती दिवस झाले?"

"अकरा महिने."

"अरे बापा! पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली का दारात येऊन उभी राह्यत असन ना ते बाई."

गुरुजींनी बाहेर पाहिलं. समोर ट्रक होता. आणि रॉकेट टाकून जाता येत नव्हतं.

लटारूने दुसरा कोट मारला. पत्राच्या खालच्या कडेवर लाल शिंतोडे बसत गेले. गुरुजी बाकावर बसून होते. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच ते पत्र घडी घालून पुस्तकात ठेवता येत नव्हतं.

"उद्या मी कुरखेड्याले जाऊन राह्यलो, धान आनाले," खुशाल म्हणाला. "सांगू का बाईले, गुरुजी नाई म्हन्ते म्हून?"

"नाही कोण म्हणालं?"

गुरुजी इतक्या मोठ्यानं बोलले की लटारू गन हातात घेऊनच वळला.

"मंग हो सांगतो."

"नको. मी लिहितो."

रंग ओला होता तेव्हाच लटारूने टेपचं टोक नखाने उचललं. वाळू दिली तर रंगाची साल निघते, म्हणाला. टेप उलटी दुमडत तो हळूहळू नळीभोवती फिरला. पांढऱ्याला आणि लालला वेगळी करणारी रेघ उघडी पडली. कुठेही हललेली नव्हती. पत्र त्याने गुरुजींच्या हातात दिलं.

"अक्षराले धक्का नाई लागला, पाहा."

पोस्ट रस्त्यापलीकडेच होतं. गुरुजींनी खिडकीत आंतरदेशीय मागितलं, मग हात मागे घेतला आणि साधं, उघडं पोस्टकार्ड घेतलं. खुशाल मागोमाग आलाच होता. गुरुजींनी लिहिताना डावा हात कार्डावर आडवा धरला नाही.

"'हो,'" खुशालने खांद्यावरून वाचलं. "'प्रदर्शन आटोपलं की येतो. रंजीता, हे मोठ्यानं वाच.'"

पत्राच्या कडेचा रंग लागून कार्डाच्या कोपऱ्यात लाल अंगठा उमटला होता. पुसायला गुरुजींनी बाही पुढे केली, पण ओला रंग पसरला असता. त्यांनी कार्ड तसंच पेटीत टाकलं.