पाचव्या खांबाखाली

"मॅडम, पूल बंद म्हणजे गाव बंद," इंजिनियर म्हणाले. "तुमच्या या रंगीत चित्रावरून मी एवढं मोठं पाऊल उचलू?"

"चित्र रंगीत असलं तरी खड्डा खरा आहे," पुलाच्या तपासणीसाठी आलेली ती म्हणाली.

दोघंही बोटीच्या केबिनमध्ये पडद्यावर वाकले होते. बोट पुलाखाली हेलकावत होती. तिच्या तळाशी बसवलेलं सोनार पाण्यात आवाजाचे ठोके सोडत होतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींतून खाडीचा तळ पडद्यावर उमटत होता. बहुतेक खांबांच्या पायथ्याशी गाळ कसा इस्त्री केल्यासारखा सपाट बसला होता. पाचव्या खांबाशी मात्र गडद निळा डाग होता.

"निळा म्हणजे खोल," ती म्हणाली. "प्रवाहानं पायाखालची माती धुऊन नेलीय. मोठा पूर आला की हा खांब जाणार. खांब गेला की पूल गेला."

"आणि बाकीचे?"

"ठणठणीत. त्यांची काळजी नको."

या पुलाच्या देखभालीत इंजिनियरांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "माझ्या पाचव्याला आजवर साधा तडा गेलेला नाही," एवढंच बोलून ते बोटीतून उतरले.

मग ती थेट नगराध्यक्षांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"आणि चुकलात तर?"

"तर हे काम सोडून देईन. पण उद्या त्या पुलावर गाड्या गेल्या, तर मी रस्त्यात आडवी पडेन."

नगराध्यक्षांनी फोन उचलला. मग पूल बंद करायला सांगितलं.

गावानं तिचं नाव 'पूलबंद बाई' ठेवलं. ट्रकवाले तिला पाहिलं की मुद्दाम हॉर्न वाजवायचे. बेकरीवाला पाव द्यायचा, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. घरच्यांचीही तीच तऱ्हा. धाकटी बहीण पलीकडच्या काठावर राहायची आणि तिचा नवरा कारखान्याची बस चालवायचा.

"ताई, तुझ्यापायी यांना डोंगराच्या रस्त्यानं फिरून जावं लागतं," बहीण फोनवर कुरकुरली. "घरी आले की नुसते आडवे होतात. आणि सासूबाईंचे टोमणे मला! म्हणतात, बहिणीला सांग, आता खाडीही बंद करून टाक."

ती हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिला जेवण गेलं नाही.

आठवडे गेले. पूल जागचा हलला नाही. इंजिनियर रोज संध्याकाळी रिकाम्या पुलावर चक्कर मारायचे, कठड्याला टेकून उभे राहायचे आणि परत यायचे. ती काठावर असली तर दुरून मान हलवायचे. ते हलवणं तिला झोंबायचं.

शेवटी नगराध्यक्षांचा फोन आला. "मॅडम, सोमवारी पूल सुरू करतोय. माझाही नाइलाज आहे."

ती भांडली, गयावया केली. पण त्यांचं ठरलं होतं.

सोमवारला अजून तीन दिवस होते, तोच वरच्या अंगाला पावसानं थैमान घातलं आणि खाडीला पूर आला. सकाळी कामाच्या वेळेला तिच्या भाड्याच्या खोलीच्या काचा थरथरल्या. पाठोपाठ पुलाच्या चौकीदाराचा फोन.

"बाई, पूल गेला!"

"वर कोणी होतं?"

"कुत्रंसुद्धा नव्हतं!"

ती होती तिथेच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं तिला वाटलं.

दुसरा फोन बहिणीचा होता. "ताई, याच वेळेला यांची बस..." तिला पुढे बोलवेना. नवऱ्यानं फोन घेतला. "ताई, बसभर माणसं असतात हो माझ्या," तो म्हणाला. मग नाक ओढून म्हणाला, "आई म्हणतेय, राहू दे खाडी चालू."

पाणी ओसरेपर्यंत खाडीत कोणालाच सोडत नव्हते. काठावरून धुक्यात तुटका, लोंबता कठडा तेवढा दिसायचा. पण गावाला धीर कुठला! पालिकेच्या सभागृहात तिचा सत्कार ठरला. पाय ठेवायला जागा नव्हती. कारखान्याचे कामगार बायकामुलांना घेऊन आले होते. बेकरीवाल्यानं केक आणला आणि तिच्यासमोर उभा राहून इतका बोलला की लोकांनीच त्याला बाजूला ओढलं. नगराध्यक्षांनी सोमवारचा विषय स्वतःच काढला आणि भर सभेत कान पकडले.

ती बोलायला उभी राहिली तेव्हा टाळ्या थांबेनात.

"तळ कधी खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "आपण ऐकायला हवं, एवढंच." पुन्हा टाळ्या. तिला आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा आवाज इतका आवडला.

सगळ्यांत शेवटी इंजिनियर आले. अंगावर लाइफ जॅकेट तसंच, बूट चिखलानं माखलेले. लोकांनी मुकाट्यानं वाट करून दिली. आता हे काय बोलतात म्हणून सारं सभागृह माना उंचावून बघू लागलं. त्यांनी हात पुढे केला.

तिनं तो दोन्ही हातांनी धरला. "साहेब, झालं गेलं. माफी वगैरे काही नको."

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या गदारोळात इंजिनियर तिच्या कानाशी वाकले.

"मॅडम, पाणी उतरलं तसा आत्ताच बोटीनं जाऊन आलो," ते हळूच म्हणाले. "तुमचा पाचवा जागच्या जागी उभा आहे. पडलाय तो आठवा."